किती पाठवता येतात ते राहू द्या, कशाला पाठवताय?

बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला लोक एकच प्रश्न विचारतात. ‘मॅडम, बाहेर जास्तीत जास्त किती पैसे पाठवता येतात?’ उत्तर एका ओळीचं आहे. भारतात राहणाऱ्या कुणालाही, अगदी पाळण्यातल्या बाळालासुद्धा (सही पालकाची), एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलर. रुपयांत दोन कोटींच्या वर. हे ऐकून समोरच्याला वाटायचं, बाई थट्टा करतेय. त्याला पाठवायचे असायचे चार लाख रुपये. मग मी ए-टू फॉर्म, म्हणजे पैसे बाहेर पाठवायचा अर्ज, पुढे सरकवायची. नाव, खातं, पॅन, रक्कम हे सगळं भराभर लिहून व्हायचं आणि ‘पर्पज’पाशी पेन थांबायचं. ‘इथं काय लिहू?’

जे खरं असेल ते लिहा, असं म्हटलं की लोक आणखी गोंधळतात.

माझी नोकरी एका सरकारी बँकेत झाली, बरीचशी पुण्यात आणि बरीचशी याच टेबलावर. आता निवृत्त आहे, पण नात्यागोत्यात कुणाचं पोर परदेशी निघालं की फोन येतोच. त्या फोनांवर सारखं तेच तेच सांगून कंटाळले, म्हणून म्हटलं एकदाचं लिहून टाकावं.

मी लागले तेव्हा सगळं उलटं होतं. ‘फेरा’ होता, परकीय चलनाच्या नियंत्रणाचा १९७३चा कायदा. त्याची मुळं त्याहून जुनी. ३ सप्टेंबर १९३९ ला महायुद्ध पेटलं आणि त्याच दिवशी इंग्रज सरकारनं भारत संरक्षण नियमांखाली परकीय चलनावर नियंत्रण आणलं. लढाई १९४५ मध्ये संपली, नियंत्रण काही संपलं नाही. १९४७ मध्ये त्याचा रीतसर कायदा झाला आणि १९७३ मध्ये तो आणखी कडक झाला. डॉलर कमी होते, ते सरकार जपून वापरणार, आणि तुम्हाला हवे असतील तर आधी परवानगी. साठ-सत्तरच्या दशकात अमेरिकेला गेलेल्या कुणालाही विचारा, ‘खिशात आठ डॉलर घेऊन उतरलो’ हे वाक्य त्याच्याकडे तयार असतं. माझे चुलतसासरे सांगायचे की ते आठ डॉलर मोडायचा धीर न झाल्यानं पहिला दिवस त्यांनी घरच्या चिवड्यावर काढला. दर दिवाळीला सांगताना दिवस एकाचे दोन, दोनाचे चार व्हायचे.

प्रवासाला जाणाऱ्याला जे काही चलन मिळायचं, ते त्याच्या पासपोर्टच्या मागच्या पानांवर लिहून शिक्का मारायचा. हे काम आमचं. टेबलावर ‘एक्स्चेंज कंट्रोल मॅन्युअल’ नावाचे दोन जाड ग्रंथ असायचे. रिझर्व्ह बँकेचं नवं परिपत्रक आलं की जुन्या परिच्छेदावर डिंकानं नवा चिकटवायचा. काही पानं चिकटवून चिकटवून पुठ्ठ्याएवढी झाली होती. आणि चूक झाली तर प्रकरण फौजदारी. माझा हेतू वाईट नव्हता हे आरोपीनंच सिद्ध करायचं, असा तो कायदा. त्यामुळे कुठल्याही अर्जावर आमचं पहिलं उत्तर ‘नाही’ असायचं. ‘हो’ म्हणायला मॅन्युअलमधला परिच्छेद दाखवावा लागे.

हे सगळं वेडेपणाचं होतं असं आजची मुलं म्हणतात. अर्धं खरं आहे. पण १९९१ मी काउंटरवरून पाहिलं आहे. देशाजवळ काही आठवड्यांच्या आयातीपुरतंच चलन उरलं होतं. त्या जुलैत रिझर्व्ह बँकेचं जवळजवळ ४७ टन सोनं मुंबईहून विमानानं गेलं, बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण म्हणून. घरातलं सोनं गहाण टाकायला जाणारी बाई पदर कसा ओढून घेते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना त्या दिवसांत बँकेत कसं वाटत होतं ते सांगावं लागणार नाही. मर्यादा का असतात, या प्रश्नाला माझ्यापुरतं तेव्हाच उत्तर मिळालं.

पुढं दिवस पालटले. १ जून २००० पासून फेरा जाऊन ‘फेमा’ आला. नियम मोडला तर आता मुख्यतः दंड, रकमेच्या तिपटीपर्यंत. आणि फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं जी योजना काढली तिचं नावच ‘लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम’, म्हणजे एलआरएस. सुरुवातीला वर्षाला २५ हजार डॉलर. २००७ संपेपर्यंत त्याचे दोन लाख झाले. एके काळी आठ डॉलरचा शिक्का मारणाऱ्या मला पहिले काही महिने फॉर्म पास करताना हात जड वाटायचा.

मर्यादा वाढतच जाते असं मात्र समजू नका. २०१३ च्या उन्हाळ्यापासून रुपया घसरत होता. १४ ऑगस्टला रिझर्व्ह बँकेनं दोन लाखांचे थेट ७५ हजार डॉलर केले आणि एलआरएसमधून परदेशात घर-जमीन घेणं बंद केलं. १५ ला झेंडावंदन. १६ ला शेअर बाजार कोसळला, आणि दुबईत छोटा फ्लॅट बुक केलेले आमचे एक जुने खातेदार त्याच सकाळी दुसऱ्या हप्त्याचा फॉर्म भरूनच आले. मी परिपत्रक त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचलं. ‘पण परवापर्यंत चालत होतं ना?’ परवापर्यंत चालत होतं. फॉर्मची घडी करून खिशात घालून ते गेले. पुढच्या वर्षी मर्यादा सव्वा लाखावर आली, घर घेण्याची मुभाही परत मिळाली, २०१५ मध्ये अडीच लाख झाले आणि आजतागायत तेच आहेत. शिक्षण आणि औषधोपचार यांना तर विद्यापीठाच्या किंवा डॉक्टरच्या अंदाजपत्रकानुसार त्याच्याही वर जाता येतं.

म्हणून मी म्हणते, आकड्याची चिंता करू नका. शंभरातल्या नव्याण्णवांना तो आकडा कधी भेटणारच नाही. भेटणार आहे तो ‘कशाला’चा रकाना.

त्या रकान्यावर लोक वैतागतात. माझे पैसे, कर भरलेले, मी कुणाला का पाठवतो याच्याशी सरकारला काय करायचंय? मलाही काही वेळा ते पटायचं. एका प्रसंगानंतर मात्र कमी पटायला लागलं.

एक निवृत्त शिक्षक होते. पेन्शन आमच्याकडे. एक दिवस ते इंग्लंडला नऊशे पौंड पाठवायचे म्हणून आले. फॉर्मवर लिहिलं होतं: नातेवाइकाचा निर्वाह.

‘सर, कोण असतं तिकडे?’

‘पुतण्या.’

‘अरे वा. काय नाव?’

सरांनी शर्टाच्या खिशातून एक चिठ्ठी काढली, चष्मा वर केला आणि पुतण्याचं नाव वाचून दाखवलं. नाव इंग्रज माणसाचं होतं.

मी त्यांना आत साहेबांच्या केबिनमध्ये नेलं, चहा मागवला. हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांना ईमेल आला होता की ब्रिटिश लॉटरीत पाच लाख पौंड लागलेत, आता ‘क्लिअरन्स फी’ तेवढी भरायची. तिकीट काढल्याचं आठवत नव्हतं, पण एखादं काढलंही असेल असं त्यांना वाटायला लागलं होतं. मी फेमाच्या नियमांची पहिली अनुसूची काढून दाखवली. कुठल्याही परिस्थितीत ज्यासाठी पैसे बाहेर पाठवता येत नाहीत अशा गोष्टींची ती यादी आहे: लॉटरीची तिकिटं, घोड्यांच्या शर्यतीतली कमाई, फुटबॉल पूल (सामन्यांच्या निकालांवरची पैज), बंदी घातलेली मासिकं. एरवी ही यादी वाचून आम्ही हसायचो, पुण्यात फुटबॉल पूल कोण खेळतंय म्हणून. त्या दिवशी तीच कामाला आली. सर मात्र भडकले. तुमच्या नियमांपायी माझं नुकसान होणार म्हणाले. दुसऱ्या बँकेतून पाठवले का नाही, मला कळलं नाही. पुढच्या महिन्यात पेन्शन काढायला आले तेव्हा माझ्या टेबलाकडे त्यांनी बघितलं नाही.

आता सध्याच्या फोनांकडे येते, कारण इथंच लोकांचे पैसे अडकतात.

२०२५ मध्ये माझ्या भाचीचं जर्मनीत मास्टर्सचं ठरलं. म्हणजे सांगलीच्या भाच्याची मुलगी, भाचीच म्हणायची. जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा हवा तर वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधी तिकडच्या ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये भरून दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. मुलीला त्यातून महिन्याला ९९२ युरो काढता येतात, एकदम उचलता येत नाहीत. (आईबापांना हा जर्मन नियम फार आवडतो.) युरो शंभराच्या आसपास धरला तर बारा लाख रुपये झाले.

भाच्याचा फोन आला. ‘मावशी, बँकेचं ॲप दोन पर्याय दाखवतंय. शिक्षण आणि फॅमिली मेंटेनन्स. फी तर तिला नाहीच, राहण्याजेवण्याचे पैसे आहेत. म्हणजे मेंटेनन्सच ना?’

थांब म्हटलं, बोट लावू नकोस.

हे नीट समजून घ्या. पैसे बाहेर पाठवताना बँक तुमच्याकडून टीसीएस कापते, म्हणजे आयकराचा आगाऊ हप्ता. हे ऑक्टोबर २०२० पासून सुरू झालं. तेव्हा वर्षाला सात लाखांच्या वरच्या रकमेवर ५ टक्के होते. ऑक्टोबर २०२३ पासून शिक्षण आणि औषधोपचार सोडून बाकी सगळ्याला २० टक्के झाले. १ एप्रिल २०२५ पासून सात लाखांचे दहा लाख केले, आणि शिक्षणकर्जातून पैसे जात असतील तर टीसीएस अजिबात नाही. आता २०२५ मधल्या दरांनी भाच्याचं गणित करा. दहा लाखांच्या वर दोन लाख. शिक्षणाचा कोड, एस-०३०५, टाकला तर ५ टक्क्यांनी दहा हजार. निर्वाहाचा कोड, एस-१३०१, टाकला तर २० टक्क्यांनी चाळीस हजार. पैसे तेच, मुलगी तीच, खातं तेच. आणि शिकायला गेलेल्या मुलाचा राहण्याजेवण्याचा खर्च शिक्षणातच धरायचा, हे आयकर खात्यानं २०२३ च्या परिपत्रकात स्वच्छ लिहिलेलं आहे.

‘पण आम्ही कर्ज काढलंय की. मग शून्य ना?’

कर्ज कुणाचं, विचारलं. गावातल्या पतसंस्थेचं. मग नाही चालणार. आयकर कायद्याच्या तेव्हाच्या ८०-ई कलमात बसणारी बँक किंवा अधिसूचित वित्तसंस्था हवी, पतसंस्था त्यात येत नाही. पतसंस्थेचा मॅनेजर त्याचा शाळूसोबती, व्याजही कमी लावलेलं, त्यामुळे त्याला हे फार लागलं. पण करणार काय.

मग मी त्याला दुसरा रस्ता दाखवला, आणि तो पूर्ण सरळ आहे. दहा लाखांची रेघ प्रत्येक पॅनला वेगळी. सहा लाख त्यानं पाठवायचे, सहा लाख सूनबाईनं तिच्या स्वतःच्या खात्यातून. दोघंही आईबाप, दोघांचाही हेतू खरा, दोघंही रेघेच्या खाली. फक्त सूनबाईच्या खात्यात पैसे कुठून आले हे बँक विचारेल, तर नवऱ्यानं दिले असं सांगायचं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. याचा खर्च किती? चलन बदलण्यावर जीएसटी लागतो, त्याची सरकारी कोष्टकं आहेत. बारा लाख एकदम पाठवले तर १,०२६ रुपये, सहा-सहा लाख दोनदा पाठवले तर १,२६०. शिवाय बँकेचे चार्जेस दोनदा. त्यात दहा हजार अडकायचे वाचतात.

‘अडकायचे’ म्हणाले, ‘जायचे’ नाही, कारण टीसीएस परत मिळतो. विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, आणि नोकरदार असाल तर ऑक्टोबर २०२४ पासून कंपनीला कळवून पगारातल्या टीडीएसमध्येच वजा करून घेता येतो. भाच्याचं शेतीच्या अवजारांचं दुकान आहे, त्याला आगाऊ करात धरता येईल. पण या टीसीएसबद्दल माझं मत चांगलं नाही, ते लिहून ठेवते. पैसे कशासाठी जातायत हे विचारणं मला पटतं, त्याची नोंद ठेवणंही पटतं. पॅन तर २०१८ पासून प्रत्येक एलआरएस व्यवहाराला सक्तीचा आहे, म्हणजे कोण किती पाठवतो हे सरकारला दिसतंच. दिसत असताना वर पुन्हा जकात नाक्यासारखी वेशीवर रक्कम अडवून ठेवायची, आणि तीही पोरीच्या जेवणाच्या पैशांतून, याला काय म्हणावं? कर चुकवणारा माणूस पाच टक्क्यांना घाबरत नाही. घाबरतो तो सांगलीचा दुकानदार.

अजून एक, जे कुठल्याही नियमावलीत ठळक लिहिलेलं नसतं. पाठवताना चार्जेसच्या पर्यायात ‘आवर’ निवडा, म्हणजे वाटेतल्या बँकांचे पैसे तुम्ही इथंच भरता. ‘शेअर्ड’ ठेवलं की मधली बँक आपला वाटा त्याच रकमेतून काढून घेते. माझ्या टेबलावरून गेलेल्या एका मुलाचे ब्लॉक्ड अकाउंटला तेवीस युरो कमी पोचले. पूर्ण रक्कम नाही तर पुष्टीपत्र नाही, पुष्टीपत्र नाही तर व्हिसाची अपॉइंटमेंट वाया. ते तेवीस युरो पाठवायला पुन्हा ए-टू फॉर्म, पुन्हा चार्जेस, आणि चार्जेस तेवीस युरोपेक्षा जास्त. तेव्हापासून मी सगळ्यांना पन्नासेक युरो वर पाठवायला सांगते. मुलीबरोबर जायची रोकडही ठरलेली आहे, नोटांच्या रूपात एका फेरीला ३,००० डॉलरपर्यंत; बाकीचं कार्डावर.

हे झालं बाहेर जाणाऱ्या पैशांचं. येणाऱ्या पैशांना आपल्याकडे दार सताड उघडं असतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून घरी येणाऱ्या पैशांत महाराष्ट्राचा वाटा सगळ्या राज्यांत मोठा निघाला, २०.५ टक्के, केरळच्याही पुढे. मुलानं आईला पाठवले तर कुणी मर्यादा सांगत नाही. पण तेच पैसे आईऐवजी गावच्या संस्थेला पाठवले, की दार एकदम बंद होतं.

राजापूर तालुक्यातल्या एका गावाचे दोन भाऊ अमेरिकेत आहेत. दोघांनाही गावच्या शाळेच्या पत्र्यांसाठी पाच-पाच हजार डॉलर द्यायचे होते. थोरला तिकडचा नागरिक झालेला, धाकट्याकडे ग्रीन कार्ड पण पासपोर्ट अजून भारताचा. धाकट्याचे पैसे संस्थेच्या नेहमीच्या खात्यात सरळ आले, कारण भारतीय नागरिकानं आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी ही परदेशी देणगी धरली जात नाही. थोरल्याची धरली जाते. त्याच्याकडे मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड आहे, सातबाऱ्यावर नाव आहे, दर मे महिन्यात तो आंबे खायला येतो, तरी कायद्याच्या लेखी तो ‘परकीय स्रोत’. त्याचे पैसे घ्यायचे तर संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली गृहमंत्रालयाची नोंदणी हवी आणि ते उतरायला हवेत स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेत, राजापुरात नाही.

थोरल्यानं मला व्हिडिओ कॉल केला. ‘वहिनी, मी भावाला देतो, तो शाळेला देईल. भावाभावांत तर चालतं ना?’

भावाभावांत चालतं. पण भावाच्या हातून ते संस्थेला गेले की कायदा मागं वळून मूळ देणारा बघतो, मधे कितीही हात असले तरी. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘म्हणजे माझे पैसे माझ्याच शाळेला परदेशी?’

नोंदणी का नाही करत, असं मी संस्थेच्या चिटणिसांना विचारलं. त्यांनी अट वाचून दाखवली: संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन वर्षांत मूळ कामावर निदान १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. एका ठरावीक देणगीसाठी पूर्वपरवानगीचा मार्ग असतो, दात्याचं पत्र जोडून. त्याचा अर्ज आता आम्ही भरतोय. संस्थेला साठ वर्षं झाली आहेत, मागच्या तीन वर्षांचा खर्च सव्वाचार लाख.